मदत हवी आहे: कॅनडात पीआरवरच (कायमचा रहिवासी म्हणून, नागरिक न होता) राहायचंय, पासपोर्ट मात्र भारताचाच ठेवायचाय

नमस्कार मंडळी. मूळ देवगडचा, गेली नऊ वर्षं टोरांटोजवळ. सिटिझनशिपला पाच वर्षांत १०९५ दिवस लागतात, ते माझे कधीच भरलेत, बायकोनं तर अर्जसुद्धा टाकलाय. माझंच घोडं अडलंय. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, तिकडची शपथ घेतली की आपला पासपोर्ट सरेंडर, मग मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) मत देता येत नाही. आता तुम्ही म्हणाल मतासाठी एवढं काय, पण ७ मे २०२४ ला आमच्याकडे मतदान होतं, मी आंब्यासाठी गावीच होतो, परदेशात राहणाऱ्या भारतीयांचा फॉर्म ६अ भरून मतदारयादीत नाव आधीच लावून घेतलेलं, आणि नखावरची शाई टोरांटोला पोचल्यावरही महिनाभर होती. तेव्हापासून जास्तच अडून बसलोय.

बाबांचं वेगळंच, "पासपोर्ट बदललंस तर सातबाऱ्यार नाव लागूचा नाय." वारसाहक्कानं शेतजमीन ओसीआयलाही मिळते हे त्यांना दहादा सांगून झालं. उलट शेजारची दहा गुंठे कलमं विकायला निघालीत ती मी आत्ता भारतीय नागरिक असूनही एनआरआय म्हणून घेऊ शकत नाही, आणि बाबा सुचवतात ते बागेचं बक्षीसपत्रही माझ्या नावे होणार नाही. पण हे त्यांना पटवणार कोण!

तर खरा प्रश्न. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात हवेत. बाबांना आता घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) पेलवत नाही, गडी आंबा देठाशी ओढतात, चीक सांडतो नि निम्म्या पेटीला डाग, म्हणून पुढची दोनतीन वर्षं सलग गावीच राहायचा विचार आहे. सिटिझन नवरा किंवा बायकोसोबत बाहेर काढलेले दिवसही त्या ७३० मध्ये धरतात असा नियम आहे. तो कोणी प्रत्यक्ष वापरलाय का? पुरावा काय दिला? कोण कोणासोबत गेलं यावरून काही विचारलं का, कारण आमच्यात गावी जायची घाई मला आणि सिटिझन होणार ती.

भर: खाली विचारलंय म्हणून, हो, बायको यायला तयार आहे, फक्त वायफायची अट आहे. कोणाच्या वाडीत फायबर आलंय का तेही सांगा.