रोज अजिंक्यतारा चढतोय, पण काटा ८६ वरून हलत नाही

गादीवाला_सातारा

नमस्कार मंडळी. वय ४८, उंची पाच फूट सहा इंच, वजन ८६. कापडाचं दुकान आहे, वडिलांपासूनची गादी. सकाळी दहाला बसलो की रात्री साडेआठला उठायचं. घर दुकानाच्या वरच, त्यामुळे जेवायला जाण्यात जेवढं चालणं होईल तेवढंच.

दिवाळीनंतर रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली. डॉक्टर म्हणाले, डायबेटिस नाही पण उंबऱ्यावर उभे आहात, वजन उतरवा. तेव्हापासून पहाटे गडावर जातो. आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे. डांबरी रस्त्यानं वर, मंगळाईला हात जोडायचे आणि खाली. सुरुवातीला अर्ध्या वाटेत कठड्यावर बसायला लागायचं, आता गप्पा मारत वर पोचतो. दम सुधारला, झोप सुधारली, वजन मात्र तिथंच.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. मुलगा म्हणतो जिम लावा. बायको म्हणते रात्रीची भाकरी बंद करा. मेहुणा म्हणतो दोनदाच जेवा. ग्रुपमधला एक जण हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदव म्हणून मागं लागलाय. आणि एका गिऱ्हाईकानं तर निकालच दिला, "शेठ, चाळिशीनंतर मेटाबॉलिझमच बसतो, उगीच दमू नका."

खाणं म्हणाल तर गडावरून आल्यावर ग्रुपबरोबर नाष्टा, कधी पोहे, कधी मिसळ. दुपारी तीन चपात्या, भाजी, आमटी-भात. रात्री दोन भाकरी आणि कोरड्यास. गोडाची आवड नाही. दुकानात चहा असतो. गिऱ्हाईकाला पाजायचा म्हटल्यावर आपणही अर्धा कप घ्यावा लागतो, नाहीतर माणसाला वाटतं कटवतोय.

आणखी एक, उतरताना उजवा गुडघा बोलतो. नेमकं कुठं चुकतंय?

यवतेश्वर_घाट

अर्धा अर्धा कप म्हणजे दिवसाला किती ओ? खरं सांगा.

गादीवाला_सातारा

मोजले नाहीत कधी. लग्नसराईत दहा तरी होत असतील.

शाहूपुरीच्या_बाई

भाऊ, मी पंचावन्नची. शाळेत गणित-विज्ञान शिकवलं, आता घरी असते. तेव्हा आधी हिशेब.

शहरापासून गडाचा माथा साधारण तीनशे मीटर उंच. ८६ किलोचं शरीर तेवढं वर न्यायचं म्हणजे निव्वळ काम झालं साठ किलोकॅलरीचं. आपले स्नायू इंधनातला जेमतेम पाव हिस्सा कामाला लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे चढायला अडीचशेच्या आसपास लागल्या. उतरण्याच्या थोड्या धरून तीनशे म्हणू. आता गल्ल्यावर या. अर्ध्या कपात चमचाभर साखर, पाच ग्रॅम. दहा वेळा अर्धा कप म्हणजे पन्नास ग्रॅम साखर, दोनशे किलोकॅलरी, आणि दुधाच्या वेगळ्या. संपला की गड! मिसळीची तर्री अजून धरलीच नाही. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ किलोकॅलरी असतात. पंचवीस ग्रॅम तेल पोटात गेलं की सव्वादोनशे. आणि पंचवीस ग्रॅम म्हणजे तर्रीवर तरंगतं तेवढंच.

गोडाची आवड नाही म्हणता, पण जागतिक आरोग्य संघटना दिवसाला दोन हजार किलोकॅलरी खाणाऱ्या माणसाला वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, जमलं तर पंचवीस. तुमचा कोटा चहातच भरतो.

तुमच्या त्या गिऱ्हाईकाला पुढच्या खेपेला सांगा, २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात सहा हजारांवर माणसांच्या मोजमापांचा अभ्यास छापून आलाय. शरीराचा आकार लक्षात घेतला तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. चाळिशीत बसतो तो माणूस, मेटाबॉलिझम नव्हे. हालचाल घटते, स्नायू झिजतात आणि ताट मात्र पंचविशीतलंच राहतं.

आता चहाचं. गिऱ्हाईकाला खुशाल पाजा, माणुसकी सोडू नका. फक्त आपला कप बिनसाखरेचा. माझ्या दिरांचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधलेला असतो. टपरीवरचा पोरगा न विचारता त्यात बिनसाखरेचा ओततो, आणि समोरच्याला कळतही नाही. पहिले काही दिवस तोंड कडू होतं, नंतर साखरेचा चहाच नको वाटतो, असं तेच सांगतात.

पाळी जायच्या सुमारास माझंही वजन वाढलं, सगळं पोटावर. ते मी उपाशी राहून नाही, ताट बदलून उतरवलं. आपल्याकडे आमटी म्हणजे पाणी, डाळ त्यात बुडी मारून शोधावी लागते! घट्ट वरण करायला लावा, नाहीतर मटकी, हुलग्याची उसळ. शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत तेवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. तुमच्या उंचीच्या माणसाला दिवसाला साठ-पासष्ट ग्रॅम मिळायला हवीत (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच). आधी उसळ आणि काकडी, मग भाकरी, भात शेवटी दोन घास. बायकोला सांगा, रात्रीची भाकरी चालू ठेवा, दुपारची तिसरी चपाती काढा. भाकरीनं पोट धरतं.

वीस किलोचं स्वप्न बघू नका. अमेरिकेत तुमच्यासारख्याच उंबऱ्यावरच्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष २००२ साली आले. सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. तरी डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. त्याच प्रयोगात डायबेटिसची गोळी (मेटफॉर्मिन) घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनीच घटलं. तुमचे सात टक्के म्हणजे सहा किलो. आणि टेप आणा. बेंबीच्या रेषेत कंबर मोजा, पुरुषांची नव्वद सेंटीमीटरच्या आत हवी. पँटच्या नंबरावर जाऊ नका, पँट तुम्ही पोटाखाली घालता. कापडवाल्याला हे मी सांगावं!

जिमला मुलगा न्यायला तयार असेल तर जा, चांगलंच आहे. ते होईपर्यंत गादी आहेच. गिऱ्हाईक आलं की हात न टेकता उठायचं आणि हात न टेकता बसायचं. पोऱ्याला माळ्यावर पाठवता ना? एक दिवसाआड तागे स्वतः उतरवा, स्वतः रचा. चालण्यानं हृदय सुधारतं, पण मांडीचा आणि पाठीचा स्नायू टिकवायचा तर त्याला वजन द्यावंच लागतं.

कराडचा_फिजिओ

बाईंनी माझं निम्मं काम केलं. गुडघ्याचं मी सांगतो. चढताना फुप्फुसं दमतात, उतरताना मांडी. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात जात ब्रेक लावत असतो. तो कच्चा असला की भार वाटीवर येतो. पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, ग्रुपबरोबर उतरायची शर्यत नको. काठी घ्या, लाजू नका. पहिले काही आठवडे चढा पायी आणि उतरा कुणाच्या तरी गाडीवर. रस्ता वरपर्यंत आहे. घरी खुर्चीवरून सावकाश उठणं-बसणं करा, बसताना तीन आकडे मोजत. गुडघा सुजला, अडकला किंवा मध्येच दगा देऊ लागला तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

मॅरेथॉन यंदा नको. यवतेश्वरच्या घाटानं वर जाऊन तोच घाट उतरायचा, एकवीस किलोमीटर. चढाचं तुम्हाला जमेल, उताराला गुडघा वाजेल. स्पर्धा २०१२ पासून होतेय, कुठं पळून जात नाही.

मेहुण्याच्या_बाजूचा

दोनदाच जेवून माझं वजन उतरलं बुवा, आणि टिकलंय. बाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

शाहूपुरीच्या_बाई

उतरलं ते दिवसभराचं एकूण खाणं घटलं म्हणून. तुम्हाला झेपतंय तर सोडू नका. या भाऊंचं दुकान आहे, दोन जेवणांमध्ये दहा वेळा चहा येणार, मग दोनदा कुठलं? आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये, चक्कर येऊन पडाल.

गादीवाला_सातारा

बाई, हिशेब बघून बायको हसत बसलीय. "मी सांगितलं तर ऐकत नाहीत, इथं ऐकतात" म्हणाली. एक अडचण राहिली. एकादशीला आई साबुदाण्याची खिचडी करते, वर तूप सोडून. वय ७६, हातानं वाढते, नाही म्हटलं की डोळ्यांत पाणी. आणि फराळ म्हणून संध्याकाळी परत शिंगाड्याचा शिरा.

शाहूपुरीच्या_बाई

आईंना दुखवायचं नाही. खिचडी खा, पण वाटीभर. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यातला खरा ऐवज शेंगदाण्याचा. सोबत काकडीची कोशिंबीर आणि वाडगाभर ताक घ्या, म्हणजे दुसरी वाटी मागायची वेळ येत नाही. शिऱ्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी मागा; म्हाताऱ्या माणसाला मुलानं काही मागितलेलं आवडतं, नको म्हटलेलं आवडत नाही. डाएट हा शब्द घरात काढूच नका.

रक्ताची तपासणी तीन महिन्यांनी करा, त्याआधी घाई नको. लाल पेशी एकशेवीस दिवसांच्या आसपास जगतात, जुन्या साखरेचा ठसा त्यांच्यावर राहतोच. कंबर मात्र दर रविवारी मोजा. मिसळीचं ग्रुपला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.