पुढच्या डिस्क ब्रेकची हवा घरी काढली, लिव्हर तरी मऊच. सल्ला हवा

वळणवाट:
एकच डिस्क, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. जुनी रबरी होज काढून नवी बसवली, कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला) हात लावलेला नाही. डॉट ४ ब्रेक तेल भरून नेहमीसारखी हवा काढली: लिव्हर दाबून धरायचा, कॅलिपरचा निपल (हवा काढायचा पोकळ स्क्रू) पाव फेरा उघडायचा, बंद करायचा आणि मगच लिव्हर सोडायचा. सुमारे १०० मिली तेल गेलं. निपलला लावलेल्या नळीत आता बुडबुडा दिसत नाही, पण लिव्हर अर्ध्याच्या पुढे जातो. भराभर तीन-चारदा दाबला की घट्ट होतो, थोडं थांबलं की पुन्हा मऊ. गळती कुठेच नाही.
हवा नेमकी कुठे असेल? व्हॅक्यूम पंप घ्यावा की सिरिंजने भागेल? मास्टर सिलिंडरची (लिव्हरपाशी तेल ढकलणाऱ्या सिलिंडरची) किट, म्हणजे आतला पिस्टन आणि रबरं, गेली असं समजायचं का?

आठ_दहाचा_पाना:
किटला इतक्यात हात लावू नका. आधी एक चाचणी करा. लिव्हर दाबून दाबून घट्ट करा आणि जोर न सोडता मिनिटभर तसाच धरा. हळूहळू ग्रिपकडे सरकत गेला आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरमधला कप (पिस्टनवरचा रबरी सील) तेल मागे सोडतोय. जागेवर राहिला तर कप ठीक आहे. पंप केल्यावर घट्ट आणि थांबल्यावर मऊ, हे लक्षण हवेचं किंवा पॅड डिस्कपासून लांब राहत असल्याचं.

कॅलिपर हललेला नाही आणि होज नवी आहे, म्हणजे हवा बहुतेक वर, मास्टर सिलिंडरच्या बॅन्जो बोल्टपाशी (होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी) आहे. कारण साधं आहे. १२.७ मिमीचा पिस्टन १० मिमी सरकला तर जेमतेम सव्वा मिली तेल पुढे जातं. होजचा आतला व्यास ३ मिमी धरला तर एका दाबात तेल फार तर १८ सेंमी खाली सरकतं. निपल बंद करून लिव्हर सोडून पुन्हा दाबेपर्यंत बुडबुडा परत वर चढतो. खालून आणखी अर्धा लिटर तेल काढलंत तरी तो तिथेच बसेल.

त्याला खाली ओढण्यापेक्षा वरूनच बाहेर काढा. बाईक साइड स्टँडवर, हँडल पूर्ण डावीकडे. होज जोडलेलं टोक ब्रेक तेलाच्या टाकीपेक्षा खाली झुकलंय ना, ते डोळ्यांनी बघा. झुकत नसेल तर मास्टर सिलिंडरचा क्लॅम्प ढिला करून थोडा फिरवा, टाकीतलं तेल सांडणार नाही इतकाच. झाकण काढा आणि लिव्हर फक्त ३-४ मिमी दाबून सोडा, पुन्हा दाबा, सोडा. टाकीच्या तळाला दोन भोकं असतात, त्यातल्या बारीक भोकातून मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागतील. मध्येच स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने होजला खालून वर टिचक्या मारत जा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. लिव्हर झटक्यात सोडू नका, त्या भोकातून कारंजं उडतं आणि थेट पेट्रोलच्या टाकीच्या रंगावर पडतं.

तेलकट_बोटं:
वरचं बरोबर. एवढ्याने नाही झालं तर बॅन्जोलाच हवा काढा. खाली जाड फडकं गुंडाळा, लिव्हर दाबून धरा, बॅन्जो बोल्ट पाव फेरा ढिला करा, फसफस आवाज येईल, आणि लिव्हर ग्रिपला टेकायच्या आत बोल्ट आवळा. दोन-तीनदा पुरे. शेवटी टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलप्रमाणे. बहुतेक बाइकना २५ ते ३५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. बॅन्जोच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर असतो, तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा. होज बदलताना जुनेच वॉशर परत लावले असतील तर बदलून घ्या. एकदा दबलेला वॉशर दुसऱ्यांदा नीट बसेल याची खात्री नाही.

जुन्या बाईकवर लिव्हर ग्रिपपर्यंत नेऊ नका. रोजच्या वापरात पिस्टन जिथवर जातच नाही, तिथे सिलिंडरच्या भिंतीला गंज आणि घाण साचते. कप त्यावरून घासला की फाटतो आणि हवा काढण्याच्या नादात खरंच किट बदलावी लागते. लिव्हर आणि ग्रिपच्या मध्ये लाकडाचा दोन सेंमी जाड तुकडा ठेवला की काम झालं.

उलटा_प्रवाह:
नवी, कोरडी होज असेल तर मी सिरिंजच सुचवेन. हवेला वरच जायचं आहे, तर तेलही खालून वर पाठवा. ६० मिली सिरिंज आणि कॅलिपरच्या निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, आतून साधारण ५ मिमी. टाकीतलं तेल आधी उपसून घ्या, नाहीतर ओसंडेल. सिरिंज भरल्यावर नळीच्या टोकापर्यंत तेल येऊ द्या, मगच निपलवर चढवा. निपल अर्धा फेरा उघडा आणि अगदी सावकाश दाबा. टाकीत बुडबुडे यायचे थांबले की आधी निपल बंद, मग नळी काढा.
एकच अट. कॅलिपर जुना आणि तेल काळपट असेल तर हे करू नका. तळाचा गाळ वर जाऊन त्याच बारीक भोकात अडकतो. मग लिव्हर सोडल्यावर दाब सुटत नाही आणि ब्रेक धरून राहतो. आधी लिव्हरने जुनं तेल बाहेर, नंतर सिरिंज.

आठ_दहाचा_पाना:
व्हॅक्यूम पंप जुनं तेल पटकन बदलायला छान, पण हवा गेली की नाही ते कळत नाही. निपल ढिला असताना पंप त्याच्या आट्यांतूनही बाहेरची हवा ओढतो आणि नळीत बुडबुडे येतच राहतात. माणूस बिचारा तेल ओतत बसतो. पंपच वापरायचा तर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे घ्या. टेप निपलच्या टोकावर किंवा बाजूच्या भोकावर येता कामा नये.

वळणवाट:
चाचणी केली, लिव्हर जागेवर राहतो. सिरिंज मिळायची आहे, तोवर वरची पद्धत करून पाहिली. बरेच बुडबुडे आले आणि मऊपणा निम्म्याहून कमी झाला. बॅन्जो उद्या ढिला करतो. पण टाकीच्या झाकणाच्या एका स्क्रूचा खाचा गेलाय, त्याचं काय करू? आणि पुढच्या वेळी डॉट ५.१ घालावं का?

तेलकट_बोटं:
जपानी धाटणीच्या बाइकवर हे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाच्या खाचेचे) असतात. साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, वर येतो आणि खाचा खातो. आता स्क्रूच्या डोक्यावर योग्य मापाचा बिट ठेवून हातोडीचा हलका ठोका द्या, आटे सुटतात. मग खाली जोर देत फिरवा. नवीन स्क्रू लावताना जेमतेम आवळा, खाली रबरी डायफ्राम आहे, तोच सील करतो. बसवण्याआधी त्याच्या घड्या आत ढकलून पूर्ववत करा.

डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलवर आधारित, त्यामुळे ५.१ चालेल. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. आकड्यातला तो एक पॉइंट महत्त्वाचा. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०°से. असतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर किमान मर्यादा १५५°. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. पण दोन वर्षं न बदललेल्या ५.१ पेक्षा ताजं डॉट ४ बरं. अर्धवट भरलेली, महिनोन्महिने पडलेली बाटली वापरू नका.

उलटा_प्रवाह:
बॅन्जोनंतरही थोडा मऊपणा उरला तर लिव्हर दाबून रात्रभर बांधून ठेवतात. तो उपाय चालतो, पण सकाळी सोडल्यावर पुन्हा तेच ३-४ मिमीचे हलके दाब द्या, नाहीतर वर आलेला बुडबुडा तिथेच राहतो. तरीही फरक नाही तर हवेचा नाद सोडा आणि कॅलिपरच्या स्लाइडिंग पिना बघा. पिन जाम असेल तर कॅलिपर सरकत नाही, एकच पॅड टेकतो, डिस्क किंचित वाकते आणि लिव्हर स्प्रिंगसारखा लागतो. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. खनिज तेलाचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं.

मागची_सीट:
धागा वाचतोय. माझ्या बाईकला एबीएस आहे, हेच करता येईल?

आठ_दहाचा_पाना:
नुसतं तेल बदलायचं असेल तर हो, लिव्हरनेच. टाकी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही, दर पाच-सहा दाबांनी भरत राहा. हवा एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात) शिरली तर आतले व्हॉल्व्ह आणि पंप स्कॅनरने चालवावे लागू शकतात, तिथे हाताने दाबून उपयोग नाही. मॉड्युलेटरवर वेगळे निपल आहेत का आणि त्यांचा क्रम काय, ते मॅन्युअलमध्ये बघूनच सुरुवात करा.

आणि दोघांनीही निपल आवळताना जोर करू नका. टॉर्क साधारण ६ न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या रिंग पान्याने दोन बोटांचा जोर. आतून पोकळ असतो, डोकं तुटलं तर काढणं कठीण. काम झाल्यावर सांडलेल्या जागी भरपूर पाणी ओता, हे तेल पाण्यात मिसळतं. निपलच्या तोंडात उरलेलं तेल टिपून रबरी टोपी लावा. डिस्कवर थेंब गेला असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडने तेल शोषलं असेल तर तो पॅड गेलाच. चालवण्याआधी उभ्या बाईकवर लिव्हर जोरात दाबून बॅन्जो आणि निपल कोरडे आहेत का ते बघा, मग बाईक हाताने ढकलत ब्रेक लावून पाहा.