वेल्सच्या भट्ट्या जपल्या म्हणे! अन् आपलं नाईकुंड?

पेंचकाठ: वेल्समधल्या ब्लेनॅव्हन लोखंड कारखान्याच्या फोटोंखाली कुणीतरी लिहिलंय, 'विदर्भाला लोखंडाचा इतिहासच नाही, जपायचं काय?' सकाळी सकाळी डोकं फिरलं. तो कारखाना 1789 चा. भट्ट्या, पाण्याच्या वजनाने वॅगन वर चढवणारा मनोरा, कामगारांच्या खोल्या उभ्या आहेत, 2000 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. छानच. पण पारशिवनी तालुक्यात नाईकुंडला पुरातत्त्वज्ञ देव-जामखेडकरांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी निघाली ती इ.स.पू. 700 च्या आसपासची! वक्र विटा, भात्याच्या मातीच्या नळ्या, लोखंडाची मळी, सगळं. अन् आम्ही बिनइतिहासाचे?

इतवारीवाला: विषय उभ्या इमारतींचा आहे भाऊ. नाईकुंडला मी गेलोय, मे महिन्यात, मित्राच्या गाडीवर. भट्टी विचारली तर पोरं म्हणाली, "विटांची का?" शेतं पाहून परत आलो. इमारत दाखवा, मग बोला.

पेंचकाठ: घ्या इमारत. अजब बंगला, आपलं नागपूरचं जुनं म्युझियम. चांद्याकडच्या लोहाऱ्याचं खनिज उत्तम, पण जवळचा कोळसा भट्टीच्या कामाचा नाही, म्हणून टाटांचा तिथल्या पोलाद कारखान्याचा बेत बारगळलेला. तेच सांगायला दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात आले. साहेब भेटायला वेळ होता म्हणून समोरच्या अजब बंगल्यात शिरले, तर तिथे प्रांताचा भूगर्भीय नकाशा. दुर्गकडे लोखंडाच्या खुणा. तिथून दल्ली-राजहरा, मग मयूरभंज, मग साकची, म्हणजे आजचं जमशेदपूर. जमशेदपूरला जायची वाट आपल्या सिव्हिल लाइन्समधून गेली राजेहो.

महालकर: टाटा म्हटलं की त्यांची इथली कापडगिरणी, एम्प्रेस मिल, आलीच. 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, आज तिथं मॉल. माझे वडील एका गिरणीत साच्यावर होते. भोंग्यावर आई भात टाकायची, आम्ही शाळेला निघायचो, घरात घड्याळ नव्हतंच. परवा पोराला म्हटलं, इथं मोठी चिमणी होती. तो म्हणते, "पक्षी का?"

साधीमाणूस: झालं सुरू भोंगापुराण. माझे आजोबाही गिरणीतच. भोंगा वाजला की आजीच्या पोटात गोळा यायचा. रात्रभर खोकत ते. चिमणी जपता, खोकला कुठल्या दालनात ठेवता? वेल्सच्या त्या खोल्यांतली पोरंही कामालाच जुंपली होती, फोटोत ते दिसत नाही.

महालकर: आमच्या बापाच्या घामाला खोकला म्हणू नका.

साधीमाणूस: घाम तुमच्याच बापाला येत होता का बे?

महालकर: बे कोणाला म्हणता? आजोबांचा खोकला आठवतो ना, मग तो जिथं लागला ती भिंत पाडल्यावर कोणाला दाखवाल? मॉलच्या सरकत्या जिन्याला?

साधीमाणूस: …हे मात्र बरोबर बोललात. एवढंच. भोंग्यावरचं मत तेच आहे. 'बे' मागे घेतो.

इतवारीवाला: नागपुरात लोखंडावर बोलायला बसा, कापसावर उठा. पेंचकाठ, नकाशाचा अर्धा गुण दिला. नकाशा म्हणजे इमारत नव्हे.

पेंचकाठ: इमारतीत होता ना!

इतवारीवाला: म्हणूनच अर्धा. बरं, थंडीत नाईकुंडला परत जातो. या वेळी 'विटांची नाही, लोखंडाची' असं आधीच सांगीन. तर्री-पोहे तुमच्याकडे.