कवळात सापडलेले टसर रेशमाचे कोश पावसापर्यंत कसे जपावेत?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला. दाढ, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला ऐनाचं कवळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडणं सध्या जोरात चालू आहे. रचलेल्या फांद्यांवर राखी-पिवळट, सुपारीसारखे टणक कोश लोंबताना दिसले. प्रत्येकाला वर देठ आणि देठाची कडी काटकीभोवती घट्ट वळलेली. हातात जड लागतात, म्हणजे आत जीव आहे.

वाचलं त्यावरून हे टसरचे, म्हणजे अँथेरिया मायलिटा या मूळ भारतातल्या पतंगाचे असावेत. ऐन आणि अर्जुन ही त्याच्या अळीची आवडती झाडं. थंडीच्या तोंडाला कोशात गेलेला जीव उन्हाळाभर आत निजून राहतो, पाऊस आला की बाहेर पडतो. नेमकं याच दिवसांत आपण कवळ तोडतो, वर पातेरा-माती घालून पेटवतो. पिढ्यान्‌पिढ्या किती कोश असे जळाले असतील, हा विचार मनातून जात नाही. भाजावळ सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, भात त्यावर येतो. पण पेटवण्याआधी भारे चाळता येतात की!

काढलेले कोश ठेवू कुठे? पडवी पत्र्याची, दुपारी फार तापते. ऐनावर परत बांधावेत तर ओंबील, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या. घरात उंदीर. कुणी जगवले असतील तर कृपया सविस्तर सांगा, शिमगा झाला की भाजावळ सुरू होईल.

प्रतिसाद

दादा, मी भंडाऱ्याचा. आमच्याकडे ढिवर मंडळी ऐनावर टसर घेतात, आम्ही त्याला कोसा म्हणतो. तुमच्या वर्णनावरून टसरच. पत्र्याखाली मुळीच ठेवू नका, आतला जीव उष्णतेने मरतो. कौलारू, वारा खेळणारी खोली बघा. देठांनी सुतळीत ओवून माळ खोलीच्या मधोमध टांगा, भिंतीला टेकू देऊ नका. सुतळीच्या टोकांना ग्रीस लावलं की मुंग्या येत नाहीत. फार कोरडं झालं तर जमिनीवर पाणी शिंपडा, कोशांवर नको.

पतंग निघाले की खायला काही शोधू नका, त्यांना खाण्याजोगं तोंडच नसतं. मादी कोशापाशीच लटकून राहते, नर रात्री तिच्या वासावर येतो, म्हणून मृगाच्या सुमारास खिडक्या उघड्या ठेवा. अळ्यांना मात्र ऐनाचा पाला लागेल. पुढच्या वर्षी जवळची दोन झाडं कवळातून वगळा.