अंध काकांच्या ब्रेल वह्या, पत्रं आणि कॅसेट : स्मरणपुस्तिकेसाठी कशा वापराव्यात?

रानपाखरू

माझे थोरले काका जन्मांध होते. अंधांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून कारखानदार, बँका आणि मंत्रालय यांच्याकडे त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. ते गेल्यावर दोन ट्रंका उघडल्या. आत ब्रेल वह्या, टंकलिखित पत्रांच्या कार्बन प्रती आणि पिशवीभर कॅसेट आहेत. वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायचं घरात चाललं आहे. बाकीच्यांचं म्हणणं, फोटो आणि चार आठवणी घालून छापून टाकू. मला त्यात त्यांचं काम यायला हवं आहे. ब्रेल घरात कुणालाच येत नाही. सुरुवात कुठून करू?

सहाठिपके

आधी वह्या ट्रंकेतून काढून पुस्तकांसारख्या उभ्या लावा. एकावर एक रचल्या की खालच्या वह्यांचे ठिपके दबतात, आणि दबलेला ठिपका परत वर येत नाही. गठ्ठ्याला सुतळी बांधू नका, रबर तर नकोच.

प्रत काढायची तर स्कॅनरचं झाकण दाबण्यापेक्षा फोटो बरा. खोलीत अंधार करा आणि टेबललॅम्प एका बाजूला कागदाच्या जवळजवळ पातळीवर ठेवा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याची सावली पडते. दिवा सगळ्या पानांना एकाच बाजूला हवा. दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या कागदावर मागच्या बाजूचे ठिपके खळग्यासारखे दिसतात. सावलीची दिशा बदलत राहिली तर उंचवटा कुठला आणि खळगा कुठला हे पुढे कळत नाही.

वाचायला मात्र ब्रेल येणारा माणूसच बसवा, आणि त्याला मराठी भारती ब्रेल (भारतीय भाषांसाठीचं ब्रेल) आणि इंग्रजी ब्रेल दोन्ही यायला हवं. त्या पिढीतले लोक खाजगी टिपणं मराठीत आणि कार्यालयीन मजकूर इंग्रजी संक्षिप्त ब्रेलमध्ये (शब्द आखडून) लिहीत, कधी एकाच पानावर. संगणकाकडून वाचून घेतलंत तर घोटाळा आकड्यांत होतो. भारती ब्रेलमध्ये ‘ण’ आणि अंकचिन्ह, म्हणजे पुढे आकडा आहे असं सांगणारी खूण, एकच आहे (सहापैकी ठिपके ३-४-५-६), आणि त्यापुढचे अंक म्हणजे अ, ब अशी अक्षरंच. त्यामुळे 1977 चं ‘णअइगग’ होऊन बसतं. वर्षं आणि जावक क्रमांक दोनदा वाचून घ्या, तुमच्या पुस्तिकेचा कणा तेच आहेत.

कार्बन प्रती पातळ कागदावर असतात. गंजलेल्या टाचण्या काढा आणि फोटो घेताना मागे पांढरा कोरा कागद ठेवा.

टेपवाला

कॅसेट लगेच टेपरेकॉर्डरात घालू नका. खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या. चालवली तर बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटमध्ये पसरते.

चांगल्या कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे दात आधी मोडा, म्हणजे चुकून बटण दाबलं तरी त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. आतला फोमवरचा चौकोनी पॅड गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. तेव्हा टेप पाच स्क्रूच्या रिकाम्या खोक्यात हलवावी लागते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी रोलर साबणाच्या पाण्याने. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची टेप पातळ असते, ती सतत पुढेमागे करू नका.

जोडणी टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये, माइकच्या भोकात नव्हे. डॉल्बी (टेपची सुरसुर कमी करणारं बटण) बंद. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 48 किलोहर्ट्झ, 24 बिट वेव्ह. स्टिरिओ ठेवलंत तर तासाला साधारण 1 जीबी. एमपी3 फक्त वाटण्यासाठी, मूळ म्हणून ठेवू नका.

आणखी एक. आवाज दुप्पट वेगाने येत असेल आणि डाव्या-उजव्या स्पीकरमधून दोन वेगळी बोलणी ऐकू येत असतील, तर कॅसेट बिघडलेली नाही. ती अमेरिकी बोलक्या पुस्तकांच्या पद्धतीची, अर्ध्या वेगाची चार ट्रॅकची कॅसेट आहे. डावा आणि उजवा आवाज वेगळा काढून वेग निम्मा करा.

कॅसेटवर ब्रेलच्या प्लॅस्टिक पट्ट्या असतील तर त्या आधी वाचून घ्या. जुना गोंद सुटतो आणि पट्टी कुठल्या डबीची हे समजत नाही.

बिंदुनामावली

पत्रं नुसती छापलीत तर वाचणाऱ्याला काही उमगणार नाही. तारखेनुसार लावा आणि प्रत्येक टप्प्याला तेव्हाचा नियम जोडा.

1977 मध्ये केंद्राने क आणि ड गटात अपंगांसाठी 3 टक्के जागा राखल्या, त्यात अंधांना 1 टक्का. वरच्या पदांचा प्रश्न तसाच राहिला. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंध उमेदवारांना नागरी सेवा परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीने देऊ द्यावी असा निकाल दिला. अपंग व्यक्तींसाठीचा 1995 चा कायदा फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला. त्यानंतरच्या पत्रांत ‘सदर पद अंधांसाठी सुनिश्चित केलेले नाही’ हे उत्तर तुम्हाला वारंवार सापडेल, म्हणजे अंधांना जमण्याजोग्या पदांच्या यादीत ते पद नाही. त्या पळवाटेत एक मेख होती : 3 टक्के मोजायचे ते फक्त सुनिश्चित पदांवर की संवर्गातल्या सगळ्या रिक्त जागांवर? सर्वोच्च न्यायालयाच्या 8 ऑक्टोबर 2013 च्या निकालाने सगळ्या जागांवर मोजायचं ठरलं. एप्रिल 2017 पासून लागू झालेल्या 2016 च्या कायद्यात एकूण 4 टक्के आहेत, त्यातला 1 टक्का अंध आणि क्षीणदृष्टींचा. काकांच्या पत्रात ‘अनुशेष’ (भरायच्या राहिलेल्या राखीव जागा) शब्द दिसला की हा हिशोब समोर ठेवून वाचा.

कारखानदारांची पत्रं मात्र वेगळ्या फायलीत लावा. खाजगी मालकावर आरक्षणाची सक्ती नव्हती, आजही नाही. तिथे काकांना मालकाचं मन वळवावं लागलं असणार, आणि माझ्या मते पुस्तिकेतला सर्वांत वाचनीय भाग तोच निघेल.

पत्राचं पुढे काय झालं हे कळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘नोकरी का दिली नाही’ असं विचारू नका. जावक क्रमांक आणि तारीख देऊन ‘या संचिकेतील टिपणीची प्रत’ मागा. अ वर्गाचे अभिलेख कायम ठेवतात, बाकीचे मुदत संपली की नष्ट होतात, तेव्हा काही अर्जांना तसंच उत्तर येईल.

रानपाखरू

फारच उपयोगी. कारखान्यांच्या पत्रांत ‘जिग’चा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. तो समजावून सांगाल का? आणि ट्रंकेत डांबरगोळ्या आहेत, राहू देऊ?

फिटर

जिग म्हणजे काम बोटांना कळेल असा साचा. पॅकिंगमध्ये पंचवीस स्क्रू भरायचे तर पंचवीस भोकांची पाटी करतात. भोकं भरली की मोजणी झाली, पाटी पाकिटात उपडी करायची. ड्रिलिंगमध्ये नग सरकवायला दोन बाजूंनी पट्ट्या, खोलीसाठी ठरावीक ठिकाणी अडणारा स्टॉप आणि पात्याभोवती जाळी. मालकाचा पहिला आक्षेप अपघाताचा आणि दुसरा उत्पादनाच्या वेगाचा, त्यामुळे अशा पत्रांत बहुधा जिगच्या जोडीने तासाला किती नग निघाले याचे आकडे असतात. दोन्ही एकत्र छापा. काकांच्या ओळखीचे जुने कामगार भेटले तर ‘काका कसे होते’ यापेक्षा ‘जिग कसा होता, कुणी बनवला’ असं विचारा. उत्तरं भरीव मिळतात.

टेलिफोन ऑपरेटरच्या जागांची पत्रंही असतील. त्या जागा का आटल्या हे एका ओळीत लिहा : थेट डायल करायचे स्वयंचलित बोर्ड आले आणि मधला माणूस गेला.

छपाईबद्दल : डीटीपीवाला जुन्या फॉण्टमध्ये टाईप करत असेल तर आधीच थांबवा. मजकूर युनिकोडमध्येच हवा, नाहीतर एनव्हीडीएसारखा स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) निव्वळ अगम्य अक्षरं वाचतो. पानांच्या फोटोंची पीडीएफ तर त्याला कोरीच दिसते. काकांचे सहकारीच वाचू शकणार नसतील तर कसली पुस्तिका? वर्ड फाइलमध्ये शीर्षकं शीर्षक म्हणूनच लावा, नुसती ठळक करून नव्हे, आणि प्रत्येक फोटोखाली त्यात काय आहे ते दोन ओळींत लिहा. पत्रांतल्या उमेदवारांची नावं आणि प्रमाणपत्रांचे क्रमांक झाका.

डांबरगोळ्या काढा. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिकच्या डब्या मऊ पडून चिकटतात. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणाऱ्या घेतल्यात तर पावसाळ्यात कधी बदलायच्या ते आपोआप कळेल.