सातव्यात माहेरी जाणारी हेपटायटिस बी पॉझिटिव्ह आई: लाइन लिस्ट (नावानिशी नोंदयादी) बाळापर्यंत कशी न्यायची?

नोंदवही_मानखुर्द
एएनसी (गरोदरपणातल्या तपासण्यांच्या) रजिस्टरमध्ये एचबीएसएजी (रक्तात हेपटायटिस बीचा विषाणू असल्याची खूण) पॉझिटिव्ह असा शेरा पडतो आणि नोंद तिथंच संपते. पहिलटकरीण ओटी भरून माहेरी जाते, कुणी साताऱ्याला, कुणी थेट जौनपूरला. बाळंतपण तिकडे, बाळाचं पुढचं लसीकरण कधी तिकडे तर कधी इथे. मग बाळाला लागण झाली की टळली, हे वर्षअखेरी सांगताच येत नाही. रकाने कोणते हवेत? आणि जाणाऱ्या बाईच्या हातात काय द्यायचं?

लिव्हर_ओपीडी
सगळी मेख सातव्या महिन्यात आहे. रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, म्हणजे डीएनए, दोन लाख आययू प्रति मिलिच्या वर असेल तर टेनोफोविर (विषाणूरोधक गोळी) ३०० मिग्रॅ रोज एक, २८व्या आठवड्यापासून. नेमकी तेव्हाच बाई गाडीत बसते. म्हणून रजिस्टरमध्ये दोन तारखा आधीच काढून ठेवा: पाळीची तारीख अधिक १६८ दिवस (२४ आठवडे, डीएनएचं रक्त) आणि अधिक १९६ दिवस (गोळी सुरू). डीएनएची सोय नसेल तर एचबीईएजी (विषाणू जोमात असल्याची खूण) करा. तो पॉझिटिव्ह आला तरी गोळी सुरू करायची. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) पाहून घ्या. राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही गोळी मोफत आहे. तेव्हा निघताना बाळंतपणापर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या आणि माहेरच्या जिल्ह्यातल्या उपचार केंद्राच्या नावाने चिठ्ठी द्या. गोळी बाळंतपणानंतर थांबवली तर एएलटीवर (यकृताची रक्ततपासणी) काही महिने लक्ष हवं, कारण आजार उसळू शकतो. हे मात्र सासरी परतल्यावर कुणी विचारत नाही, म्हणून त्याचाही रकाना ठेवा.

अंगावर पाजायला हरकत नाही. निव्वळ हेपटायटिस बीसाठी सिझेरियनही नको.

शीतसाखळी_कुर्ला
जन्माच्या डोसबद्दल, म्हणजे बाळाच्या हेपटायटिस बीच्या पहिल्या लसीबद्दल. 'जन्म १० तारीख, लस ११ तारीख' असं लिहिलं तर मधलं अंतर एका तासाचंही असू शकतं आणि ४७ तासांचंही. नियम २४ तासांचा आहे, म्हणून तारखेबरोबर वेळ लिहा. जन्मतः लागण झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बाळांत ती कायमची राहते, मोठ्या माणसात शंभरात पाचहूनही कमी जणांत. घाई त्यासाठी आहे.

उशीर होतो तो रात्रीच्या आणि रविवारच्या बाळंतपणांत. लस टोचणारी ताई सकाळी येते आणि एका बाळासाठी दहा डोसांची कुपी फोडायला हात धजत नाही. वास्तविक ओपन व्हायल पॉलिसीत (उघडलेली कुपी पुन्हा वापरण्याच्या नियमात) हेपटायटिस बीची कुपी २८ दिवस चालते. कुपीवर उघडल्याची तारीख घाला, बस्स. प्रसूतिकक्षाच्या सिस्टरलाच टोचू द्या: ०.५ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दुसऱ्या मांडीत, शक्यतो १२ तासांत. ते मिळालं नाही म्हणून लस अडवून ठेवू नका, हा घोळ फार होतो.

ही लस उन्हापेक्षा बर्फाने मरते. व्हीव्हीएम (कुपीवरचा रंग बदलणारा ठिपका) उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. कॅरिअरमध्ये (लस नेण्याच्या थंड पेटीत) घालण्याआधी आईसपॅक कानाशी धरून हलवा, आत पाणी खळखळलं तरच घाला.

रकाने_आणि_रांगा
आई आणि बाळ एका ओळीत कोंबू नका. जुळं झालं की पंचाईत. प्रत्येक बाळाची स्वतंत्र ओळ, आणि दुवा आईच्या आरसीएच क्रमांकाचा (सरकारी माता-बाल नोंदणीतला). नावावर भरवसा नको: दवाखान्यात 'बेबी ऑफ' असलेलं बाळ दीड महिन्याच्या पेंटाला (पाच रोगांवरची एकत्र लस, तीत हेपटायटिस बीही असते) आरव होऊन येतं आणि नव्याने नोंदलं जातं. दोन मोबाइल नंबर घ्या, एक माहेरच्या माणसाचा. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या पेंटाच्या तारखा कार्डाच्या फोटोवरून भरा, तोंडी नको.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच रिकामा असतो: बाळाची तपासणी. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीला येतं, तेव्हाच रक्त घ्या. एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी प्रतिपिंडं), दोन्ही. आधी केली तर इम्युनोग्लोब्युलिनची उसनी प्रतिपिंडं दिसतात. नाळेच्या रक्ताचा रिपोर्ट धरू नका, त्यात आईचं रक्त मिसळतं. अँटी-एचबीसी (विषाणूशी संपर्क आल्याची प्रतिपिंडं) मागवूच नका, आईकडून आलेली ती वर्ष-दीड वर्ष रेंगाळतात. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस १० एमआययू प्रति मिलि किंवा जास्त, तरच 'लागण टळली' लिहायचं.

नोंदवही_मानखुर्द
वेळ आणि दोन ओळी, आजच बदलते. घरच्या माणसांचं काय?

लिव्हर_ओपीडी
ताई, बाईचा नवरा आणि आधीची मुलं तपासायचीच, पण तिची आई आणि भावंडंही. तिला स्वतःला लागण बहुधा जन्मतःच झालेली असते. म्हणजे माहेरच्या चिठ्ठीत ही ओळही घाला. एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि टोटल अँटी-एचबीसी तिन्ही निगेटिव्ह असतील तर लस ०, १ आणि ६ महिन्यांनी. मोठ्यांना १ मिलि, दंडात. कुल्ल्यात दिली तर चरबीत जाते आणि नीट लागू होत नाही.