अनुभव धागा : पूल पाहण्यासाठी काढलेली दुचाकी

दुचाकीवरून भटकणारे आपण बहुतेक जण किल्ला, घाट किंवा किनारा गाठायला निघतो आणि वाटेतला पूल ताशी साठच्या वेगाने ओलांडून जातो. पूल हेच मुक्कामाचे ठिकाण मानून निघालेल्यांचे अनुभव एकत्र यावेत, यासाठी हा धागा काढत आहे. कोणता पूल पाहिला, गाडी कुठे लावली, कोणत्या काठावरून आणि कोणत्या वेळी छायाचित्र चांगले आले, हे सविस्तर लिहावे. माझे एक मत आधीच नोंदवतो: पूल वरून जाताना कळत नाही, तो पाण्याच्या पातळीवर उतरल्यावर कळतो.

सुरुवात माझ्यापासून करतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना कुंभरोशीजवळून पार गावाकडे रस्ता फुटतो. रामवरदायिनी देवीच्या या गावाजवळ कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे. साडेतीनशेहून अधिक पावसाळे पाहिलेल्या या पुलाच्या कमानी आजही उभ्या आहेत, आणि महाबळेश्वर परिसरातला पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना यातले मोल वेगळे सांगायला नको. पात्रात उतरून खांबांचा प्रवाहाकडचा भाग जरूर पाहावा. पाणी अडण्याऐवजी दुभंगून बाजूने निघून जावे, या हिशेबाने तो निमुळता बांधलेला आहे. दगडांचे सांधे टिपायचे असतील तर तिरपे ऊन हवे, कारण भर दुपारी सगळी भिंत सपाट दिसते. पावसाळ्यात पात्रात उतरू नये. वरच्या डोंगरात झालेल्या पावसाचे पाणी खाली कधी पोहोचेल, याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही.

महाडहून

आमच्या सावित्रीवरचा जुना कमानींचा पूल 1928 सालचा होता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या व इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. जून 2017 मध्ये नवा पूल वाहतुकीला खुला झाला. मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात उतरणारे दुचाकीस्वार त्यावरून रोज जातात, पण थांबणारे थोडे. माझी विनंती आहे की, पुलावर न थांबता अलीकडे सुरक्षित जागी गाडी लावावी आणि नदीच्या बाजूने हा परिसर पाहावा. एरवी गुडघाभर वाटणारी नदी आणि पुलाची उंची एका चौकटीत घेतली की, त्या रात्री पाणी कुठवर चढले असेल याची कल्पना येते.

याच सावित्रीच्या काठाने पुढे बाणकोटच्या खाडीपर्यंत जावे, असेही सुचवतो. बागमांडला आणि वेशवी यांच्यामध्ये फेरीबोटीत गाडी चढवली की रखडलेल्या पुलाचे खांब पाण्यात उभे दिसतात. पूर्ण झालेला पूल सगळेच टिपतात, परंतु खांबांवर अजून रस्त्याचा भागच नसताना दोन खांबांमधले अंतर आणि खाडीची रुंदी जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती नंतर दिसत नाही. फेरीबोट मधोमध आली की छायाचित्र घ्यावे. त्या वेळी गाडीजवळ कोणीतरी थांबलेले असावे, कारण लाटेने बोट हलते आणि साइड स्टँडवरची गाडी कलंडू शकते.

सांगलीहून

पुलाचे छायाचित्र म्हणजे केवळ स्थापत्याचे छायाचित्र नव्हे, हे आम्हा सांगलीकरांना आयर्विन पुलाने शिकवले आहे. 1929 साली खुला झालेला कृष्णेवरचा हा पूल म्हणजे आमची पूरपट्टी आहे. पावसाळ्यात घरोघरी पहिला प्रश्न असतो तो "आयर्विनला किती फूट?" हाच. 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी. 2019 च्या महापुरात पाणी इथे साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेले होते. त्या दिवसांत शहरातून दुचाकी काढण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या रस्त्यांवरून आम्ही रोज जातो, तिथे बोटी फिरत होत्या.

पूर ओसरल्यानंतर गाडी काढून घाटावर गेलो, तेव्हा पुलाच्या अंगावर जलपर्णीचे आणि उसाच्या पाचटाचे वाळलेले पुंजके अडकलेले होते. मी पूर्ण पुलाचे छायाचित्र घेण्याऐवजी फुटांचे आकडे आणि त्यांच्यावर चढलेला सुकलेला गाळ एवढेच जवळून घेतले. तेव्हापासून उन्हाळ्यात, ऐन पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमारास त्याच पायरीवरून तीच चौकट घेत आलो आहे. ही छायाचित्रे शेजारी ठेवली की नदीचे वर्ष डोळ्यांसमोर उभे राहते. पूल पाहायला लांबच जायला हवे असे नाही. आपल्या गावच्या पुलाकडे पुन्हापुन्हा जाण्यातही मोठे समाधान आहे, आणि कोल्हापूरच्या मंडळींनी पंचगंगेवरच्या जुन्या शिवाजी पुलाविषयी असेच काही लिहावे, अशी मनापासून इच्छा आहे.

पिंपरीहून

जुन्या पुलाची छायाचित्रे आजच काढावीत, एवढेच मला सांगायचे आहे. खंडाळ्याजवळचा अमृतांजन पूल 1830 सालचा होता. बामच्या जाहिरातफलकावरून त्याला पडलेले हे नाव मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी होते. त्याचे खांब द्रुतगती मार्ग अरुंद करत होते, म्हणून एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात रस्ता मोकळा असताना तो स्फोटकांनी पाडण्यात आला. वाहतुकीच्या दृष्टीने तो निर्णय योग्य होता, असे मी मानतो. तरी जुन्या महामार्गाने पावसाळ्यात घाट चढताना नागफणीच्या बाजूचे धुके त्या कमानींतून आरपार येताना दिसायचे, ते आता कोणाला दाखवता येणार नाही. माझ्याकडे त्याची चार-दोन चांगली छायाचित्रे आहेत आणि त्यांना आता कागदपत्रांचे मोल आले आहे.

तळेगावहून

वरील मताशी सहमत आहे, पण जुना पूल आणि धोकादायक पूल यांतला फरक ओळखावा. 15 जून 2025 रोजी आमच्या मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने भरलेला असताना कोसळला आणि 4 जणांचा जीव गेला. धोक्याचा फलक असेल तिथे गाडी तर नाहीच, पायही ठेवू नये. काठावरून मिळते तेवढेच छायाचित्र पुरेसे मानावे.

रत्नागिरीहून

कोकण रेल्वेवर आमच्याजवळ पानवल नदीचा पूल आहे. त्याचा सर्वांत उंच खांब सुमारे 64 मीटरचा, म्हणजे वीस मजली इमारत त्याखाली सहज मावेल. एवढ्या खोल दरीत खालून आधार उभारणे अवघड, म्हणून वरचा भाग एका टोकाला टप्प्याटप्प्याने ओतून खांबांवरून पुढे ढकलत नेला. ही पद्धत समजून घेऊन गेल्यास पाहण्याची मजा वाढते. नजर आपोआप खांबांच्या माथ्याकडे जाते.

मोबाइलवर रेल्वेगाडीची ताजी वेळ पाहून निघावे, आणि पावसाळी वेळापत्रक वेगळे असते हे ध्यानात ठेवावे. गावाकडच्या बाजूने दरीत थांबलो, तर आधी आवाज घुमतो आणि मग पुष्कळ वेळाने इंजिन दिसते. पूर्ण गाडी चौकटीत घेण्याचा मोह टाळून, खांबाच्या पायथ्याशी उभा असलेला माणूस आणि वर सरकणारे डबे असे उभे छायाचित्र घ्यावे, म्हणजे उंची खरी वाटते. रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत मात्र अजिबात जाऊ नये.

पणजीहून

गोव्यात येणारे दुचाकीस्वार मांडवीवरच्या ताणलेल्या तारांच्या अटल सेतूचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. त्यांनी पणजी ते रायबंदर हा जुना मार्ग सावकाश पार करावा. 1634 च्या सुमारास पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द लिन्यारिश याच्या कारकिर्दीत बांधलेला, सुमारे 3.2 किलोमीटर लांबीचा हा पूल-बांध पाण्याला इतका लगटून जातो की आपण पुलावर आहोत हे जाणवतही नाही. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरे आणि खारफुटी. त्याच्या कमानी पाहायच्या असतील तर ओहोटीची वेळ गाठावी आणि रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत बसावे. याच मांडवीवरचा 1970 मध्ये खुला झालेला पूल 1986 मध्ये कोसळला होता, हे लक्षात घेतले की जवळपास चार शतकांपूर्वीच्या या बांधकामाविषयीचा आदर दुणावतो. वेळ असल्यास हळदोण्याजवळचा खोर्जुवेचा तारांचा पूलही पाहावा. तिथे गर्दी नसते.

नाशिकहून

हिमाचलमधल्या स्पितीला जाणाऱ्यांनी किब्बरजवळचा चिचमचा पूल चुकवू नये. 2017 मध्ये तो खुला होईपर्यंत गावकरी पोलादी दोरावरच्या पाळण्यात बसून ती भयंकर घळ ओलांडत असत. पुलावरून खाली पाहिले की त्यांच्या रोजच्या जगण्याविषयी बोलायला शब्द सुचत नाहीत.

साधनांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. तिपाई पुलावर लावू नये. ट्रक किंवा एसटी गेली की पूल थरथरतो आणि संधिप्रकाशातले छायाचित्र हलते. तीच तिपाई काठावर खडकात रोवावी. नदीकाठच्या भुसभुशीत मातीत साइड स्टँड रुतून गाडी आडवी होते, म्हणून एक चपटा दगड शोधून स्टँडखाली ठेवावा. पाण्यावरची चमक मारण्यासाठी पोलरायझर (भिंगापुढे लावायचा फिल्टर) उपयोगी पडतो आणि खांबांचा पाण्याखालचा भागही त्यामुळे बराच दिसतो. धरणे, रेल्वेचे पूल आणि सीमाभागातले पूल यांच्या छायाचित्रणाला बंदी असू शकते. तिथे पहारेकऱ्याला आधी विचारावे, आणि ड्रोन तर परवानगीशिवाय बाहेरच काढू नये.